नाथसागरातली येती-जाती बेटे

बेटावर राहून जीवशास्त्र शिकायचे म्हटले की प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला आठवते ते गॅलापागोस, मग मादागास्कर, फार तर अंदमान. म्हणजे पासपोर्ट, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि घरच्यांची समजूत. मराठवाड्याला समुद्रच नाही, तेव्हा बेट कुठले? पण छत्रपती संभाजीनगरहून पैठणची एसटी धरली तर दीडेक तासात माणूस अशा पाण्याकाठी पोचतो, ज्यात लहानमोठी तीसेक बेटे आहेत. तीही अशी की काही बेटे दरवर्षी बुडतात आणि पुन्हा वर येतात.

हे पाणी जायकवाडी धरणाचे, म्हणजे नाथसागराचे. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 18 ऑक्टोबर 1965 ला पायाभरणी झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, 27 दरवाजे. पूर्ण भरला की जलाशयात 102 टीएमसी पाणी, त्यातले 26 मृतसाठ्याचे. आकडे मोठे असले तरी नाथसागर खोल नाही. डोंगरदरी अडवून केलेले हे धरण नव्हे. सपाट शेतजमिनीवर पाणी परातीत ओतल्यासारखे पसरले आहे. त्यामुळे पातळी हातभर उतरली तरी काठ कितीतरी लांब सरकतो. गावालगतची टेकाडे आणि उंचवटे पाण्याने वेढले गेले, त्यांचीच बेटे झाली. 1986 मध्ये या सगळ्याला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र 341 चौरस किलोमीटर.

गॅलापागोसशी याचे नाते लांबचे. सख्खा भाऊ शोधायचा तर पनामात जावे लागते. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गाटून तलाव भरला आणि जंगलाने झाकलेल्या एका डोंगराचा माथा तेवढा पाण्याबाहेर उरला. तेच बारो कोलोराडो बेट. पसारा जेमतेम पंधराशे हेक्टर. 1923 पासून ते अभ्यासासाठी राखून ठेवले आहे आणि आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. 1980 च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी पन्नास हेक्टर जागा आखून घेतली. एक सेंटिमीटर जाडीच्या रोपट्यापासून पुढचे प्रत्येक झाड मोजले, ओळखले आणि त्याला क्रमांकाचा बिल्ला लावला. अशी झाडे निघाली दोन लाखांहून जास्त, जाती तीनशेच्या आसपास. हीच मोजणी दर पाच वर्षांनी पुन्हा होते. आपल्याकडे रमण सुकुमार यांनी 1988 मध्ये मुदुमलईच्या जंगलात तेवढ्याच क्षेत्राचा प्लॉट आखला. जगभरातली मुले त्या पनामातल्या बेटावर धाव घेतात ती निसर्गसौंदर्यासाठी नव्हे. आज मोजलेले झाड चाळीस वर्षांपूर्वी केवढे होते, हे तिथे वहीत लिहिलेले सापडते.

धरणाच्या बेटांवर काय घडते, याचे धडे इतरत्रही मिळाले आहेत. थायलंडमध्ये चिऊ लार्न धरण 1987 च्या सुमारास भरले आणि जंगलाचे शंभराच्या वर तुकडे बेटे होऊन बसले. पंचवीस वर्षांत त्या बेटांवरचे मूळचे छोटे सस्तन प्राणी जवळजवळ नाहीसे झाले आणि बाहेरून शिरलेल्या एका उंदराने सगळीकडे बस्तान मांडले. तुकडा लहान असेल आणि एकटा पडला असेल तर तिथल्या जाती टिकत नाहीत. 1967 मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन यांनी गणिताने मांडलेली ही गोष्ट तिथे प्रत्यक्ष दिसली.

नाथसागर याहून वेगळा आहे, आणि माझ्या मते म्हणूनच मोलाचा आहे. बारो कोलोराडोचे पाणी जहाजांसाठी राखावे लागते, म्हणून बेट बेटच राहते. इथे पाण्यावर गहू, ऊस, कारखाने आणि संभाजीनगरच्या नळांचा हक्क आहे. वरच्या अंगाला नाशिक-नगरची धरणे. तिथून पाणी सोडायचे की नाही यावर दर दुष्काळी वर्षी भांडण जुंपते. थोडक्यात, बेट किती महिने बेट राहील हे पावसाइतकेच समन्यायी पाणीवाटपाच्या कायद्यावर ठरते. 2016 आणि 2019 च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा शून्यावर गेला. अशा वर्षी बेटांचे पठार होते.

याची किंमत कोण मोजते, ते नदी सुरयाकडे पाहिले की कळते. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. मार्च ते मे हा त्याचा विणीचा काळ. घरटे म्हणावे असे काही नसते. उघड्या वाळूत किंवा खड्यांत छातीने घासून केलेला खळगा आणि त्यात दोन-तीन अंडी, मातकट, तपकिरी ठिपक्यांची. चार पावलांवरूनही ती खड्यांतून वेगळी काढता येत नाहीत. भोवती पाणी आहे तोवर हा वेष पुरतो. पाणी हटले आणि काठाशी जमिनीची एक जीभ जोडली गेली की त्याच वाटेने कुत्री येतात, जनावरे चरायला येतात आणि मागोमाग गाळपेरीचा नांगर येतो. शेतकऱ्याला बोल लावता येत नाही. ज्याच्या बापाची जमीन धरणात गेली, त्याला उघडा पडलेला गाळ सोन्याहून मोलाचा. पक्ष्यांच्या बाजूने बोलणारे हे सहज विसरतात.

हिवाळ्यातले दृश्य निराळे. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, चक्रवाक जोडीजोडीने काठावर उभे राहतात, तलवार बदके आणि थापटे उथळ पाण्यात डोकी खुपसतात. रोहित येतात तेव्हा शहरातून गाड्या भरून माणसे येतात. कायगावजवळच्या पाण्यात वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके मात्र कुणी मोजत बसत नाही. खरे तर थव्याचा अंदाज घेण्याचा सराव त्यांच्यावरच करावा: आधी दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यात धरायचे आणि तेवढे चौकोन थव्यावरून पुढे सरकवत न्यायचे. दोघांनी एकमेकांना न विचारता आकडे लिहायचे.

उणीव आहे ती सलग नोंदींची. एमएस्सीचा प्रकल्प एका हंगामात संपतो, प्रबंध कपाटात जातो आणि पुढची बॅच वेगळ्या काठावर, वेगळ्या पद्धतीने मोजते. एक खजिना मात्र आयता पडला आहे. धरणाच्या नियंत्रण कक्षात रोजची पाणीपातळी लिहिली जाते. 1522 फुटांवर धरण पूर्ण भरते. त्याखाली कोणत्या फुटाला कोणते बेट सुटे होते आणि कोणत्या फुटाला काठाला मिळते, एवढा एक तक्ता विद्यार्थ्यांनी तयार केला तर जुन्या नोंदवह्यांतून प्रत्येक बेटाचा इतिहास काढता येईल. त्यासाठी दुर्बीण, वनविभागाची परवानगी आणि चप्पू वल्हवणाऱ्या भोई मामांची मदत पुरे. कुठले टेकाड आधी डोके काढते हे मामांना नकाशापेक्षा चांगले ठाऊक असते.

घाईचे कारणही आहे. या जलाशयावर तरंगते सौर पॅनेल बसवण्याचा बेत आहे. मच्छीमार त्याविरुद्ध हरित लवादापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. 2025 मध्ये तिथेही त्यांची मागणी फेटाळली गेली. पॅनेल आल्यावर पक्षी घटले की नुसते सरकले, याचा वाद होणारच. तेव्हा आधीच्या चार-पाच हिवाळ्यांचे आकडे कुणीतरी मागेल, आणि ते नंतर गोळा करता येत नाहीत.