परसांतील वसंत

वसंतऋतु पाहावयाचा तर रानावनांत गेलें पाहिजे, असा आपला समज असतो. परंतु फाल्गुन-चैत्रांत तो आपल्या परसांतहि येतो. शेवगा फुललेला असतो, कडुनिंबाला मोहोर येतो, मोगऱ्यास कळ्या धरतात, आणि कागदी लिंबास व कढीलिंबास कोंवळी पालवी फुटते. ह्या पालवीविषयींच येथें लिहावयाचें आहे. कारण तिच्यावरून घरोघरीं एक तंटा चालतो.

पालवी फुटली कीं एक काळें-पिवळें फुलपाखरूं तिच्याभोंवतीं घिरट्या घालूं लागतें. ती मादी होय. ती कोंवळ्या पानांवर फिकट पिवळीं, बारीक, वाटोळीं अंडीं एकेक करून घालते. त्यांतून निघणारी अळी पांखरांच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिजकडे सहसा ढुंकून पाहात नाहींत. पुढें कात टाकीत ती वाढते व पानासारखी हिरवी होते. तिला डिवचलें तर डोक्यामागून शिंगासारखा दुफांटा अवयव बाहेर काढून ती उग्र वास सोडते. पूर्ण वाढल्यावर ती रेशमाच्या धाग्यानें स्वतःस काडीला बांधून घेते व कोशांत शिरते. आणि उन्हाळ्यांत सुमारें आठ-दहा दिवसांनीं त्यांतून फुलपाखरूं बाहेर पडतें.

तंटा येथेंच आहे. कुरतडलेलीं पानें पाहून घरचीं माणसें रागावतात, आणि त्यांचें सर्वस्वीं चुकतें असें नाहीं. फोडणीला पानें त्यांना हवींच असतात. मग अळ्या चिरडल्या जातात किंवा झाडावर विषारी औषध फवारलें जातें. पण तें विष अळीपाशींच थांबत नाहीं. फुलांतील मध पिणारा चिमुकला शिंजीर पक्षी आपणां सर्वांस आवडतो. मात्र तो आपल्या पिलांस मुख्यतः किडे व कोळी भरवितो, आणि त्याचें लोंबतें घरटेंहि कोळ्याच्या जाळ्यांनींच बांधलेलें असतें. ज्या बागेंत किडा नाहीं, तेथें शिंजीर मधासाठीं येईल, पण संसार थाटणार नाहीं.

महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं ब्ल्यू मॉरमॉन ह्या फुलपाखरास राज्य-फुलपाखराचा मान दिला. त्याच्याहि अळ्या लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढतात. मान द्यावयाचा फुलपाखराला आणि अळीला मात्र चिरडावयाचें, हें कसें जमणार?

ह्यावर उपाय सोपा आहे. वाढलेल्या झाडास खाल्लेलीं पानें पुन्हां फुटतात. त्यास कांहीं धोका नसतो. रोप लहान असेल तर अळी पानासकट उचलून मोठ्या लिंबावर, कढीलिंबावर किंवा बेलावर ठेवावी. भलत्या झाडावर ती उपाशी मरेल. विषारी औषध फवारूं नये. परसाचा एक कोपरा न झाडतां राहूं द्यावा, व उथळ परळांत पाणी ठेवून तें रोज बदलावें. विद्यार्थ्यांनीं अंडें, अळी, कोश व फुलपाखरूं कोणत्या तारखेस दिसलें तें वहींत टिपून ठेवावें; आणि पालकांनीं निदान एक फांदी ह्या अभ्यासासाठीं मोकळी सोडावी.

आकाशांतील पांखरांकडे व रानांतील फुलांकडे लक्ष द्या, असें प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस सांगितलें. लक्ष देण्यासाठीं तीं प्रथम आपल्याजवळ उरलीं पाहिजेत. चार पानांचें दान करण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्या परसांत वसंत खरोखर मुक्कामास येतो.