कॅरव्हॅन घेण्यापूर्वी गाडी काट्यावर चढवा

मुलांच्या परीक्षा संपल्या की घराघरात सहलीची बोलणी सुरू होतात. कोणाला कोकणातल्या गावी जायचे असते, कोणाला वेरूळ-खुल्ताबाद, कोणाला विजापूरचा गोल घुमट दाखवायचा असतो. आठ-दहा माणसांचे कुटुंब, त्यात एक-दोन वयस्क, लहान मुले, आणि वाटेत स्वच्छ संडासाची वानवा. ही अडचण ज्यांनी भोगली आहे, त्या व्यापारी मंडळींच्या मनात हल्ली एक विचार डोकावू लागला आहे. एकदाच पैसे घालून झोपण्याची, स्वयंपाकाची व संडासाची सोय असलेली गाडी, म्हणजे कॅरव्हॅन, का घेऊ नये?

शब्द इंग्रजीतून आला असला तरी मूळ फारसी ‘कारवाँ’ आहे. म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. त्यामुळे व्यापाऱ्याने त्याचा विचार करावा यात नवल नाही. मात्र हा सौदा करताना बहुतेक लोक आतले सोफे, दिवे आणि टीव्ही पाहतात. पाहायच्या गोष्टी निराळ्या आहेत.

अमेरिकेत व युरोपात दोन प्रकार चालतात. एक, स्वतःचे इंजिन असलेली गाडी. दुसरा, मोटारीच्या मागे जोडून ओढायचा ट्रेलर. ट्रेलर स्वस्त पडतो, मुक्कामी सोडून मोटार मोकळी वापरता येते. परंतु त्याचे गणित नाजूक असते. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या हुकवर यावा, असा अमेरिकेतला दंडक आहे. सामान मागच्या बाजूला जास्त भरले की वेगात ट्रेलरचे शेपूट हलू लागते आणि ते पुढच्या मोटारीलाही घेऊन जाते. शिवाय धावत्या ट्रेलरमध्ये माणसे बसवता येत नाहीत. आंबेनळीसारख्या घाटात वळणावर समोरून एस.टी. आली आणि ट्रेलरसह मागे घ्यायची वेळ आली, तर काय होईल याची कल्पना करावी. आपल्याकडे कुटुंबासाठी इंजिनवाली गाडीच बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता माणसांचा हिशेब. विकणारा ‘सहा जणांची गाडी’ म्हणतो तेव्हा विचारावे की सहा बसणार की सहा झोपणार? रात्री उभ्या गाडीत चार बर्थ टाकता येतात म्हणून धावत्या गाडीत त्यावर माणसे झोपवून नेणे धोक्याचे आहे. नोंदणी पुस्तकात जितक्या आसनांची नोंद आहे तितकीच माणसे न्यावीत आणि प्रत्येक आसनाला पट्टा असावा. अपघातानंतर विम्याचा माणूस प्रथम हेच मोजतो. एकत्र कुटुंबातील दहा माणसांना एका कॅरव्हॅनमध्ये बसवणे आणि झोपवणे, दोन्ही जमत नाही. अशा घराने साधी टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेऊन रात्री लॉजवर उतरावे, ते अधिक सुखाचे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे वजन. प्रत्येक गाडीला भारासह कमाल किती वजन चालेल याची मर्यादा असते व ती नोंदणी पुस्तकात लिहिलेली असते. समजा ही मर्यादा ४,००० किलो आहे आणि आतले सर्व काम झाल्यावर रिकामी गाडी ३,४०० किलो भरली. उरले ६०० किलो. सहा माणसे सरासरी ६५ किलोने ३९० किलो. शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो. अंथरूण-पांघरूण, भांडी, धान्य, बॅगा व गॅस मिळून १३० किलो. बेरीज ६२०. अजून आजींची औषधांची पेटी आणि वाटेत घेतलेल्या आंब्याच्या पेट्या धरलेल्या नाहीत! जादा भाराची गाडी घाट उतरताना ब्रेक तापवते आणि टायर फोडते. म्हणून विकणाऱ्याच्या कागदावर विसंबू नये. गाडी वजनकाट्यावर चढवावी, पावती घ्यावी, मग भाव बोलावा. मालाचे वजन केल्याशिवाय आपण दुकानात माल उतरवून घेत नाही. इथे तर घरची माणसे बसणार आहेत.

पाण्याचेही असेच आहे. एक माणूस बादलीभर, म्हणजे पंधरा लिटर पाण्यात आंघोळ करील असे धरले तरी सहा जणांना नव्वद लिटर लागतात. शंभर लिटरची टाकी एका सकाळीच संपली. आंघोळ मुक्कामाच्या ठिकाणी करावी आणि गाडीतले पाणी पिणे, स्वयंपाक व वुझूसाठी राखावे. वुझू तोटीऐवजी लोट्याने केला तर पाणी निम्म्याहून कमी लागते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही. काढता येणाऱ्या टाकीचा संडास असेल तर ती टाकी साधारण अठरा-वीस लिटरची असते, एक-दोन दिवसांत भरते. ती रिकामी कुठे करणार, हे निघण्यापूर्वी ठरवावे. ओढ्यात किंवा शेतात ओतणे हे कुणाच्याच शोभेचे नाही.

विजेबाबत विक्रेते सर्वांत जास्त थापा मारतात. ‘रात्रभर एसी चालेल’ असे म्हटले की कागद-पेन्सिल घ्यावी. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. साध्या बॅटरीतून त्यातली निम्मी वीजच घ्यावी, नाहीतर बॅटरी लवकर मरते. हजार वॅटचा एसी त्यावर तासभरही टिकत नाही. मग जनरेटर येतो. केरळमध्ये वडकरा येथे डिसेंबर २०२४ मध्ये रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरला होता, असे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस जागा होत नाही. बंद गाडीत रात्री जनरेटर, इंजिन किंवा कोळशाची शेगडी चालू ठेवून कोणीही झोपू नये. या वायूचा इशारा देणारा भोंगा बाजारात मिळतो. तो टीव्हीच्या आधी बसवावा. एसी हवाच असेल तर बाहेरून वीज घेता येईल अशा जागी मुक्काम करावा. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे आणि त्यात अशा गाड्या उभ्या करण्याच्या पार्कचाही विचार आहे; तरी मुक्कामाच्या जागेची खात्री फोनवर स्वतः करून घ्यावी.

आता कागदपत्रे, आणि इथे आमच्या कारागीर बंधूंनीही लक्ष द्यावे. जुनी मालवाहू व्हॅन किंवा मिनीबस घेऊन सुताराकडून बर्थ आणि रंगाऱ्याकडून चित्रे काढून घेतली की कॅरव्हॅन झाली, असा समज आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले आहे. कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्याप्रमाणे पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते. नोंदणी पुस्तकात वाहनाचा प्रकार कॅरव्हॅन म्हणून लिहिलेला नसेल, तर आतले काम कितीही देखणे असो, आरटीओ अडवू शकतो आणि विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. पैसे मालकाचे बुडतात, आणि भांडण मात्र गॅरेजच्या दारात येते.

म्हणून फॅब्रिकेशन, सुतारकाम, रेक्झिन-गाद्या, वायरिंग करणाऱ्यांनी पूर्ण गाडी बदलून देण्याचे कंत्राट अंगावर घेऊ नये. मान्यता असलेल्या बॉडी बिल्डरकडून जॉबवर्क घ्यावे. या कामात हात हलका लागतो. एकोणीस मिलिमीटरच्या आठ बाय चार प्लायची एक शीट ३५ ते ४० किलोच्या आसपास भरते. घरच्या कपाटाच्या सवयीने दहा शीट लावल्या तर गाडीची निम्मी क्षमता फर्निचरनेच खाल्ली. गाद्यांचा फोम आणि पडद्यांचे कापड सहज पेट न घेणारे हवे. प्रत्येक वायरला स्वतंत्र फ्यूज हवा. हे शिकून घेतलेल्या कारागिराला मजुरीही बरी मिळते.

व्यापाऱ्याचा शेवटचा प्रश्न असतो, ‘फर्मच्या नावावर घेऊ का?’ चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावर भरलेला जीएसटी, भाड्याने प्रवासी नेण्यासारखे ठरावीक धंदे सोडल्यास, वजा मिळत नाही. घरगुती वापराचा हिस्सा धंद्याच्या खर्चात दाखवताही येत नाही. पाव्हण्यांना ‘डिझेलपुरते’ पैसे घेऊन खासगी नंबराची गाडी देणे म्हणजे परमिटशिवाय भाडे मारणेच ठरते. परवान्यापुरती मात्र सोय आहे: साडेसात हजार किलोपर्यंतच्या भाड्याच्या वाहनालाही हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले.

समजा, किमतीतली घट, विमा, कर, सर्व्हिसिंग आणि जागाभाडे मिळून वर्षाला चार लाख खर्च आला आणि गाडी सहलीसाठी पंधरा दिवस वापरली, तर एका दिवसाला २६,६०० रुपयांहून अधिक पडले, डिझेल वेगळे. आपल्या शहरात कॅरव्हॅनचे दिवसाचे भाडे काय, ते विचारून दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. बहुतेक घरांना भाड्याचीच परवडेल. ज्यांना तरीही घ्यायची आहे, त्यांनी आधी दोन रात्रींसाठी तशीच गाडी भाड्याने घ्यावी आणि घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला सोबत न्यावे. पायरी किती उंच आहे, रात्री संडासाकडे जाताना कशाला धरायचे, हे त्याच सांगतील. टपावर एसी असलेल्या गाडीची उंचीही मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवावी, कारण पार्किंगच्या दारावरचा आडवा पाइप आपली वाट पाहत असतो. जुनी गाडी घ्यायची तर पावसाळ्यात पाहावी. टपावरच्या एसीभोवती आणि खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत प्लायवर अंगठा दाबून पाहावा. दबला तर पाणी आत मुरते आहे, सौदा सोडून द्यावा.