गजानन : नाव जुनं, गजर शेगावचा

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या पट्ट्यातली लग्नपत्रिका उघडा. सगळ्यात वर ‘श्री गजानन प्रसन्न’ असतं आणि त्याच्या बाजूला पुष्कळदा उघड्या अंगाने बसलेले, हातात चिलीम असलेले शेगावचे गजानन महाराज असतात. खाली नावं वाचत जा : निमंत्रक गजानन, मामा गजानन, कधी वरपिताही गजानन. त्यामुळे हे नाव महाराजांपासूनच सुरू झालं, असं आमच्याकडे लहानथोर सगळे धरून चालतात. समजूत भक्तीपोटी आलेली आहे, पण ती खरी नाही. खरी हकिगत मला तरी जास्त मोलाची वाटते.

गजानन हे मुळात गणपतीचं नाव आणि फार जुनं. अमरकोशात गणपतीची आठ नावं दिली आहेत, त्यांत विनायक, एकदंत, हेरंब, लंबोदर यांच्याबरोबर गजानन आहेच. गणेशपुराणात द्वापर युगातला अवतार गजानन. सिंदुरासुराला मारणारा तो हाच. मुद्गलपुराणातल्या आठ अवतारांतही गजानन आहे, तिथे तो लोभासुराला नमवतो. शेगावात महाराज येण्याच्या कितीतरी आधीपासून हे नाव पोथ्यांत होतं.

दुसरी समजूत अशी की महाराजांचं जन्मनाव गजानन होतं. महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला. देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना बंकटलाल अगरवाल यांनी त्यांना पाहिलं. कुठले, कुणाचे, नाव काय, हे महाराजांनी कधीच सांगितलं नाही. दासगणू महाराजांनी २१ अध्यायांचा ‘श्री गजानन विजय’ ग्रंथ रचला, त्यातही जन्मगावाचा आणि आईवडिलांचा पत्ता नाही. महाराजांच्या तोंडी अखंड ‘गण गण गणात बोते’ असे. त्यावरून कुणी त्यांना गिणगिणेबुवा म्हणे. पुढे गजानन हेच नाव रूढ झालं. म्हणजे लोकांनी आधी गणपतीचं नाव महाराजांना दिलं आणि मग महाराजांचं म्हणून तेच आपल्या पोरांना ठेवलं. ज्यांनी स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही, त्यांच्या नावाची माणसं आज आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत!

नाव एवढं पसरलं त्याची कारणं याच मातीत सापडतात. महाराजांचं शेगावचं संस्थान १९०८ साली स्थापन झालं. ८ सप्टेंबर १९१० रोजी, ऋषिपंचमीला, महाराजांनी समाधी घेतली. त्यानंतर समाधीचं दर्शन, गुरुवार, पारायण, प्रकटदिनाचा भंडारा, पूर्णा ओलांडून शेगावला जाणारी पायदळ वारी हे सगळं घराघरात रुजत गेलं. मूल होत नव्हतं, झालेलं जगत नव्हतं, अशा घरांतून शेगावला नवस बोलला जायचा. नवसाने झालेल्या मुलाचं दुसरं नाव कोण ठेवणार? कुणबी, माळी, बारी, कोळी, धनगर, ब्राह्मण, अगदी कुठल्याही समाजात गजानन सापडतो, तो यामुळेच. अमुक एका जातीचं नाव, असं त्याच्याबद्दल म्हणताच येत नाही.

हे नाव फक्त वऱ्हाडातलं, असंही नाही. गदिमांमधला ‘ग’ गजाननाचाच. ते १९१९ सालचे, सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचे. ‘ग. त्र्यं.’ म्हणून ओळखले जाणारे कादंबरीकार माडखोलकरही गजानन. हिंदीतले थोर कवी मुक्तिबोध मराठी घरातले. १९१७ साली श्योपूरला जन्मले आणि त्यांचंही नाव गजानन माधव. नाव सगळ्या मराठी मुलखाचं आहे, दाटी मात्र आमच्याकडे.

‘ग’ अक्षर पत्रिकेत आलं म्हणून गजानन ठेवलं, असंही ऐकू येतं. पंचांगात ‘ग’ हे धनिष्ठा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर आहे. आमच्या भागातले सगळे गजानन तेवढ्याच वेळेत जन्मले असतील काय? नावरसाचं नाव पत्रिकेत राहतं, हाकेचं नाव श्रद्धेने ठरतं.

संताच्या ओढीने नाव पसरण्याची ही रीत दूरदेशीही आहे. गोव्यात आणि वसईत मुलांचं झेवियर हे नाव आढळतं. पोर्तुगीज अमलात आलं म्हणून लोक ते पोर्तुगीज समजतात. मूळ आहे स्पेनमधलं, हावियेर. त्याच्याही आधी ते माणसाचं नावच नव्हतं. नवारा प्रांतातल्या एका गढीचं ते नाव, बास्क भाषेतल्या ‘नवं घर’ या शब्दांवरून आलेलं. त्या गढीत १५०६ साली फ्रान्सिस झेवियर जन्मले, १५४२ साली गोव्यात उतरले, १६२२ साली त्यांना संतपद मिळालं. मग गढीचं नाव लोक मुलांना ठेवू लागले आणि स्पेनमध्ये ते घरोघरी झालं. मूळ एकीकडे आणि लोकप्रियता दुसरीकडून, हे तिथेही तसंच.

आता ‘गजानन नाव संपत चाललं’ म्हणतात, त्याबद्दल. बारशात हल्ली दोन-तीन अक्षरी नवी नावं ठेवली जातात, हे खरं. पण शाळेचा हजेरीपट नीट वाचा. मुलाचं नाव आरव किंवा स्वराज असतं आणि पुढे गजानन लिहिलेलं असतं, कारण आपल्याकडे मधलं नाव बापाचं. पहिल्या जागेवरून ते मधल्या जागेवर सरकलं आहे. मुलींच्या नावापुढेही ते आता लागतं. गुणपत्रिकेवर, आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर राहतं. शिवाय नवसाचं मूल असलं तर दाखल्यावर नवं नाव आणि घरात आजीच्या तोंडी ‘गजू’, अशी दोन नावं एकाच पोराला असलेली घरं जळगाव जामोदात आजही भेटतात.