जुनी फ्रेंच रेसिंग सायकल : पाना हाती घेण्याआधी मोजमाप का आवश्यक?

पन्नास वर्षे अडगळीत पडलेली फ्रेंच रेसिंग सायकल पुन्हा रस्त्यावर आणता येते. मात्र पान्याचा एक चुकीचा हिसका तिची फ्रेम कायमची निकामी करू शकतो. या धोक्याचे मूळ गंजापेक्षा मोजमापात अधिक आहे. फ्रान्सच्या सायकल उद्योगाने अनेक दशके स्वतःची मेट्रिक मापे वापरली आणि आज बाजारात मिळणारे बहुतेक सुटे भाग त्या मापांचे नाहीत.

प्युजो कंपनीची पीएक्स-१० ही सायकल याचे ठळक उदाहरण आहे. १८८२ पासून सायकली बनवणाऱ्या या कंपनीच्या संघात असताना टॉम सिम्प्सन यांनी १९६५ मध्ये आणि एडी मर्क्स यांनी १९६७ मध्ये व्यावसायिक जागतिक विजेतेपद पटकावले. बर्नार तेवने यांनी १९७५ आणि १९७७ मध्ये याच संघाकडून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. सामान्य ग्राहकाला दुकानात मिळणारी पीएक्स-१० याच परंपरेतली होती. तिच्या फ्रेमच्या नळ्या ‘रेनॉल्ड्स ५३१’ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या असत. हे पोलाद बर्मिंगहॅमच्या कंपनीचे असले, तरी फ्रेंच कारखान्यांसाठी नळ्या मेट्रिक मापात ओढल्या जात. क्रँक स्ट्राँगलाइटचे, गिअर सिम्प्लेक्सचे आणि ब्रेक माफाकचे, असा बाकीचा संच प्रामुख्याने फ्रेंच असे.

आट्यांचा तिढा

पेडलचा आस ज्या नळीत फिरतो, तिला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. तिच्या दोन्ही तोंडांना आतून आटे असतात आणि त्यांत छर्रे धरून ठेवणारे कप बसतात. ब्रिटिश पद्धतीत या आट्यांचा व्यास १.३७ इंच, म्हणजे सुमारे ३४.८ मिलिमीटर असतो आणि एका इंचात २४ आटे येतात. फ्रेंच पद्धतीत व्यास ३५ मिलिमीटर, तर दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. ब्रिटिश कप फ्रेंच नळीत थोडा आत जातो आणि अडकतो. तेव्हा जोर लावला, तर नळीतील आटेच कापले जातात.

दिशेचा प्रश्न याहून फसवा आहे. ब्रिटिश पद्धतीत साखळीच्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, त्यामुळे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास सैल होतो. फ्रेंच पद्धतीत दोन्ही बाजूंना सुलटे आटे असतात. ब्रिटिश सवयीने फिरवलेला फ्रेंच कप उलट अधिक घट्ट बसतो. काही फ्रेमवर स्विस पद्धत आढळते. तिची मापे फ्रेंच, पण साखळीकडील आटे उलटे. म्हणूनच पान्याआधी व्हर्नियर कॅलिपर आणि आटे मोजण्याची पट्टी हाती घेणे आवश्यक ठरते.

हाच तिढा इतरत्रही दिसतो. फ्रेंच पेडलचा आटा १४ मिलिमीटरचा, तर आजचा प्रचलित आटा ९/१६ इंचाचा, म्हणजे सुमारे १४.३ मिलिमीटरचा असतो. हँडल धरणाऱ्या स्टेमची फ्रेंच जाडी २२ मिलिमीटर आणि प्रचलित जाडी २२.२ मिलिमीटर आहे. मागच्या चाकाच्या हबवर चढणाऱ्या फ्रीव्हीलचे आटेही वेगळे असतात.

काय बदलावे, काय राखावे

यातून दुरुस्तीचे एक सूत्र निघते : बदल शक्यतो सुट्या भागात करावा, फ्रेमला हात लावू नये. नवा स्टेम बसत नसेल, तर फोर्कची नळी आतून कोरण्याऐवजी स्टेमच घासून किंचित बारीक करता येतो. बॉटम ब्रॅकेटचे आटे खराब झाले असतील, तर आट्यांचा आधार न घेता दोन्ही बाजूंनी आवळून बसणारा संच वापरता येतो. क्रँकला मात्र नव्या मापाचे आटे पाडले, की मूळ फ्रेंच पेडल त्यावर पुन्हा बसत नाही. मूळ पेडल हाताशी असतील, तर तो मार्ग टाळणे श्रेयस्कर.

सीटची अॅल्युमिनियम दांडी पोलादी नळीत अडकणे ही नेहमीची अडचण आहे. दोन धातू ओलाव्यात एकत्र राहिल्याने त्यांच्यामध्ये क्षार साचतो. तिथे जोरापेक्षा मुरणारे तेल आणि काही दिवसांची वाट पाहणे अधिक उपयोगी ठरते. मूळ रंग आणि कंपनीची चिन्हे शाबूत असतील, तर ती खरवडू नयेत, असे जाणकार मानतात. नवा रंग केव्हाही देता येतो, जुना परत आणता येत नाही.

जपणुकीला सुरक्षिततेची मर्यादा मात्र आहे. जुन्या अॅल्युमिनियम स्टेमला तडे गेले असतील, तर तो वापरू नये. सिम्प्लेक्सचे प्लॅस्टिकचे गिअर काळाने ठिसूळ होतात. ब्रेकचे रबर आणि तारा बदलाव्याच लागतात. रिमला गोंदाने चिकटवलेल्या ट्यूब्युलर टायरचा गोंद सुकला असेल, तर वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. फोर्क किंवा पुढील नळ्या वाकलेल्या असतील, तर फ्रेम अपघातग्रस्त समजून आधी तज्ज्ञाला दाखवावी.

स्वार होताना

अशी सायकल चालवणेही नव्याने शिकावे लागते. गिअरच्या दोन दांड्या फ्रेमच्या खालच्या नळीवर असतात आणि बदलासाठी हँडलवरून एक हात काढावा लागतो. दांडीला ठरावीक टप्पे नसतात. साखळी नीट बसली की नाही, हे तिच्या आवाजावरून ओळखायचे. चढ लागल्यावर नव्हे, तर चढ दिसताच गिअर बदलणे भाग पडते, कारण पेडलवर पूर्ण भार असताना साखळी सहज सरकत नाही. ब्रेकलाही आजच्या सायकलींपेक्षा अधिक अंतर द्यावे लागते. फ्रेंच आट्यांमुळे साखळीकडील कप चालवताना सैल होण्याची प्रवृत्ती असल्याने पहिल्या काही फेऱ्यांनंतर तो पुन्हा तपासावा लागतो.

या सायकलींना आज नवे व्यासपीठ लाभले आहे. इटलीच्या गायोले इन किआंती येथे १९९७ पासून भरणाऱ्या ‘लेरोइका’ या सायकलफेरीत १९८७ पूर्वीच्या रेसिंग सायकलींना प्रवेश मिळतो. गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर आणि ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून गेलेल्या असाव्यात, असा तिथला दंडक आहे. फ्रान्समध्ये सोम्यूर परिसरातील ‘आंजू व्हेलो व्हिंटेज’ हा सोहळाही जुन्या सायकलींचाच आहे.

१९८०च्या दशकात फ्रेंच कारखान्यांनी हळूहळू ब्रिटिश आटे स्वीकारले आणि जुनी मापे मागे पडली. त्या मापांची नवी फ्रेम आता सहसा घडत नाही. त्यामुळे घाईने बिघडवलेली प्रत्येक फ्रेम म्हणजे मर्यादित साठ्यातून कायमची वजा झालेली एक सायकल असते, तर नीट मोजून उघडलेली तीच फ्रेम पुढची अनेक वर्षे रस्त्यावर धावू शकते.