आकाश वाटून घेणारी माणसं

लेटरकेनीला रेल्वे नाही. आयर्लंडच्या वायव्य कोपऱ्यातल्या डोनेगल परगण्यातलं हे सगळ्यांत मोठं गाव, वस्ती जेमतेम 22 हजारांच्या आसपास, आणि रूळ गेल्या शतकातच उखडले गेलेले. गॉलवेला जायचं तर मोटारीने चारेक तास लागतात. तरी 1 एप्रिल 2022 पासून लेटरकेनी आणि गॉलवे एकाच विद्यापीठात आहेत. 1971 मध्ये सुरू झालेलं लेटरकेनीचं तंत्रमहाविद्यालय स्लायगो आणि गॉलवे-मेयोच्या संस्थांबरोबर विलीन झालं आणि अटलांटिक टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी उभी राहिली. प्राध्यापक एका गावात, विद्यार्थी दुसऱ्या, प्रयोगशाळा तिसऱ्याच. असं विद्यापीठ चालवायचं तर ऑनलाइन वर्ग, सामायिक फाइली आणि चर्चेच्या खिडक्या यांच्याशिवाय गत्यंतर नाही.  

दूरवरून वर्ग भरवणं आता अंगवळणी पडलं आहे. दूरवरून संशोधन करणं मात्र वेगळं. तिथे उत्तर कुणालाच माहीत नसतं, शिकवणाऱ्यालाही नाही. कुठल्याही प्रयोगशाळेशी नातं नसलेला मुलगा घरच्या लॅपटॉपवरून नवं काही शोधू शकतो का? या प्रश्नाचं एक खरंखुरं उत्तर पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावजवळ, खोडदच्या माळावर सुरू होतं.

तिथली जीएमआरटी ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात त्या सुमारे 25 किलोमीटरवर पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण कमी कंप्रतेच्या रेडिओलहरी ऐकते. दीर्घिकेच्या मधल्या कृष्णविवराजवळून उसळलेले झोत थंडावत गेले की त्यांच्या वरच्या कंप्रतेच्या लहरी आधी विझतात आणि खालच्या उशिरापर्यंत रेंगाळतात. म्हणजे विझत चाललेला जुना इतिहास वाचायला खोडद योग्य ठिकाण. या दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झवर आकाशाचा सुमारे 90 टक्के भाग टिपला. पुढे 2017 मध्ये त्यातून 6 लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. डेटा सगळ्यांना खुला आहे, पण एकेक चित्र निरखून पाहायला खगोलशास्त्रज्ञ आणायचे कुठून?

डॉ. आनंद होता यांनी 15 एप्रिल 2013 रोजी ‘रॅड ॲट होम’ सुरू केलं ते याच अडचणीतून. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त केंद्रात काम करणाऱ्या या संशोधकाने त्यासाठी नवी यंत्रणा उभारली नाही. एक फेसबुक ग्रुप काढला. बीएस्सी किंवा बीई झालेल्या, होत असलेल्या कुणीही यावं. आधी शिकायचं: रेडिओ, दृश्य प्रकाश, अवरक्त आणि अतिनील अशी एकाच दीर्घिकेची वेगवेगळी चित्रं एकावर एक कशी ठेवायची, रंग कोणता कशासाठी, झोत सरळ का आणि वाकलेला का. मग आकाशाचा तुकडा घ्यायचा आणि पाहत बसायचं. काही वेगळं दिसलं की ग्रुपवर टाकायचं. डॉ. होता किंवा एखादा जुना सदस्य विचारतो, ‘हे दोन स्रोत खरंच एकमेकांचे आहेत का? दृश्य प्रकाशात मध्ये दीर्घिका दिसते का?’ बऱ्याच शोधांचा इथेच निकाल लागतो. शिक्षण होतं ते या उलटतपासणीत. त्यातून तयार झालेल्या मुलांसाठी आठवडाभराची शिबिरंही भरतात.

हे निव्वळ हौशी काम राहिलं नाही. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये या गटाने सुमारे 1 अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या ‘रॅड-12’ या दीर्घिकेबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिथलं कृष्णविवर शेजारच्या दीर्घिकेवर एकाच बाजूने रेडिओबुडबुडा सोडताना दिसलं. असे झोत सहसा दोन्ही बाजूंना निघतात. खात्री करायला पुन्हा खोडदच्याच दुर्बिणीची वेळ मागावी लागली. निबंधाच्या लेखकांत नागरिक-संशोधकही होते.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक बातमी आली. रेडिओ आकाशात अधूनमधून दिसणारी, कशामुळे तयार होतात हे अजून पुरतं न उलगडलेली फिकट वर्तुळं ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीने काही वर्षांपूर्वी दाखवून दिली होती. ‘रॅड ॲट होम’ला तसंच एक सापडलं, तेही एकमेकांत गुंतलेल्या दोन कड्यांचं आणि तोवर माहीत असलेल्यांत सगळ्यांत दूरचं. त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय आजच्या निम्मं होतं. हा डेटा मात्र युरोपभर पसरलेल्या लोफार या दुर्बिणीचा होता. तिचं एक केंद्र आयर्लंडमध्ये, लेटरकेनीच्या दक्षिणेला बर गावी 2017 पासून आहे.

बरच्या किल्ल्याच्या आवारात 1845 मध्ये लॉर्ड रॉस यांनी 72 इंची आरशाची दुर्बीण उभारली आणि एम-51 या अभ्रिकेचा भोवऱ्यासारखा आकार डोळ्यांनी पाहून हाताने रेखाटला. अभ्रिकांची छायाचित्रं घेता यायच्या आधीचं ते काम. पण डोळ्याला पर्याय त्यानंतरही लवकर मिळाला नाही. 1967 मध्ये जोसलिन बेल ही उत्तर आयर्लंडमधली तरुण विद्यार्थिनी केंब्रिजला रोज जवळजवळ 30 मीटर लांबीचा आलेखाचा कागद नजरेखालून घालत होती. त्यातल्या बारीकशा खरखरीने तिचं लक्ष वेधलं आणि पल्सार, म्हणजे नियमित रेडिओस्पंद देणारा तारा, सापडला. 1974 चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला मिळालं, तिला नाही.

सामूहिक संशोधनाचं सगळ्यांत दुखरं ठिकाण हेच. खरं पाहिलं कुणी आणि नाव कुणाचं लागलं? ऑनलाइन चर्चेचा मोठा फायदा अनेक जण वेग मानतात. त्याहून मोलाची गोष्ट साधी आहे: प्रत्येक शेऱ्यावर नाव, तारीख आणि वेळ असते. गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी 2009 च्या जानेवारीत आपल्या ब्लॉगवर प्रश्न टाकला, की एक अवघड सिद्धता अनेकांनी मिळून, उघड्यावर, अर्धवट विचार मांडत करता येईल का? काही आठवड्यांत ती झाली आणि निबंध ‘पॉलिमॅथ’ या सामूहिक नावाने निघाला. कुणी काय सुचवलं याचा दाखला ब्लॉगवरच होता. पुढे 2013 मध्ये यितांग झांग यांनी सिद्ध केलं, की 7 कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ‘पॉलिमॅथ’ची मंडळी त्या आकड्यामागे लागली आणि त्यांनी आधी तो 4,680 वर आणला. मग जेम्स मेनार्ड यांची स्वतंत्र पद्धत हाती येताच पुढच्या वर्षी तो 246 वर आला.

मुंबईत मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, याच विचाराला फार जमिनीवरचं रूप मिळालं. ‘क्यूब’ हा तिथला जीवशास्त्राचा उपक्रम. कॉलेजची मुलं फळमाश्या, हायड्रा, गांडुळं आणि मोइना हा पाण्यातला चिमुकला जीव घरात किंवा वर्गात पाळतात. पिकलेलं केळं बाटलीत ठेवलं की फळमाश्या आपोआप येतात. मोइनाचं शरीर पारदर्शक, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाचे ठोके मोजता येतात. खरा अभ्यास सुरू होतो तो पिल्लं मेल्यावर. पाणी बदललं होतं का? तापमान किती होतं? तुलनेला दुसरी बाटली ठेवली होती का? हे प्रश्न ‘मेटास्टुडिओ’ या मंचावर आणि ‘चॅटशाला’ या ऑनलाइन बैठकीत विचारले जातात. प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘अपेक्षित निष्कर्ष’ आधी लिहून मग प्रयोग करायची सवय लागलेल्या मुलांना हा धक्काच असतो, आणि तो बसावाच.

अडचणी कमी नाहीत. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी 2005-06 पासून प्रयोगवही रोजच्या रोज जाळ्यावर उघडी ठेवली, फसलेले प्रयोगही. ज्या विकिस्पेसेस सेवेवर ती वही होती तिने 2018 मध्ये आपला गाशा गुंडाळायला घेतला. ब्रॅडली त्याआधीच, 2014 मध्ये गेले होते. फुकटच्या खासगी मंचावर संशोधनाचं दप्तर ठेवण्यातला धोका फेसबुक ग्रुपलाही आहे, आणि प्रत जतन करायची जबाबदारी कुणाची हे अनेक ठिकाणी ठरलेलंच नसतं. दुसरी अडचण माणसांची. भारतात सीएसआयआरने 2008 मध्ये क्षयरोगावरच्या औषधांसाठी खुला प्रकल्प सुरू केला. क्षयाच्या जंतूची सुमारे 4 हजार जनुकं देशभरातल्या विद्यार्थ्यांत वाटली गेली. माहिती भराभर गोळा झाली, तरी ती तपासणारे जाणकार हात मोजकेच होते. शिकणारे हजार मिळतात. त्यांच्या प्रत्येक शंकेला रात्री अकरा वाजता उत्तर देणारा शिक्षक मिळणं कठीण, आणि त्या कामाला पदोन्नतीच्या गुणपत्रिकेत फारसं स्थान नसतं.

आता दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभी राहणारी एसकेए ही महादुर्बीण वर्षाला सुमारे 700 पेटाबाइट डेटा साठवायला लावेल. भारत तिचा सदस्य आहे, आणि तिच्या नियंत्रणप्रणालीच्या आखणीत पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राबरोबर टाटा कन्सल्टन्सीचाही वाटा आहे. नेहमीच्या आकारांची वर्गवारी संगणक करतील, करायलाही हवी. पण संगणकाला शिकवायला आधी नमुने लागतात, आणि कधीच न पाहिलेल्या गोष्टीचा नमुना नसतो. दोन कड्यांचं ते वर्तुळही माणसांनी चित्र निरखूनच ओळखलं होतं.