कॉम्प्युटर चालू होत नाही, म्हणजे नेमका कुठे थांबतो?

'कॉम्प्युटर चालू होत नाही' ही तक्रार ऐकायला एकच वाटते, पण तिच्या पोटात चार-पाच वेगवेगळे बिघाड असू शकतात. बटण दाबल्यावर पंखाच न फिरणं वेगळं. पंखा फिरून स्क्रीन काळी राहणं वेगळं. कंपनीचा लोगो येऊन तिथेच अडकणं, विंडोजचे ठिपके गोल गोल फिरत राहणं, पासवर्ड टाकल्यावर दहा मिनिटं काहीच न होणं, हे सगळे निरनिराळे टप्पे आहेत. पहिल्या दोन तक्रारींचा बहुतेकदा विंडोजशी संबंध नसतो, कारण सहसा तोवर डिस्कवरची विंडोज वाचायला सुरुवातच झालेली नसते. शेवटच्या दोन तक्रारींत बहुतेकदा मदरबोर्ड, रॅम आणि वीजपुरवठा आपलं काम करून मोकळे झालेले असतात.

तरीही ऑफिसात सगळ्यांवर उपाय एकच सुचवला जातो: बंद करून चालू करा, नाहीतर फॉरमॅट मारा. एखाद्या वेळी घडलेल्या बिघाडाला हे चालून जातं. पण तोच कॉम्प्युटर दर सोमवारी किंवा एक दिवसाआड अडत असेल, तर तो कुठे थांबतो आणि केव्हा थांबतो हे आधी पाहायला हवं. ते न पाहता केलेली दुरुस्ती टिकत नाही, पैसे मात्र दरवेळी जातात.

'रोज संध्याकाळी शटडाउन करतो, म्हणजे रोज नवी सुरुवात होते'

हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत कमी तपासलेला समज आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. विंडोज १० आणि ११ मध्येही ती बहुतेक यंत्रांवर आधीपासून सुरू असते. शटडाउन केल्यावर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या अवस्थेत आहेत त्या अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवले जातात. सकाळी बटण दाबल्यावर तीच अवस्था परत मेमरीत भरली जाते. म्हणून कॉम्प्युटर लवकर सुरू होतो. पण एखादा ड्रायव्हर काल बिघडलेल्या स्थितीत असेल, तर आज सकाळीही तो त्याच स्थितीत उठतो.

'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सगळं खरोखर पहिल्यापासून भरलं जातं. म्हणजे लोकांना वाटतं त्याच्या नेमकं उलट: या बाबतीत शटडाउन अर्धवट आणि रीस्टार्ट पूर्ण. पडताळून पाहायचं असेल तर टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूखालचा 'अप टाइम' बघा. रोज शटडाउन होणाऱ्या यंत्रावरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसू शकतो. शिफ्टची कळ दाबून धरून शटडाउन केलं तर त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. वारंवार अडणाऱ्या यंत्रावर फास्ट स्टार्टअप कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून बंद करून आठवडाभर निरीक्षण करणं, ही मी पहिली पायरी मानतो. तिला खर्च नाही, आणि काही बिघडलं तर परत सुरू करता येतं.

याच्या जोडीला आपल्याकडची एक सवय धोक्याची आहे. सहा वाजले की सगळे शटडाउनवर क्लिक करतात आणि पाठोपाठ कुणीतरी मेन स्विच पाडतो. स्क्रीन काळी झाली तरी आत अपडेट बसत असू शकतं किंवा ती अवस्थेची फाइल लिहिली जात असू शकते. मध्येच वीज गेली की सिस्टिमच्या फाइली अर्धवट राहतात आणि दुसऱ्या दिवशी 'ऑटोमॅटिक रिपेअर'ची निळी स्क्रीन समोर येते. ती स्क्रीन म्हणजे बिघाड नव्हे. विंडोज सलग दोनदा सुरू होऊ शकली नाही की ती आपणहून दुरुस्तीच्या वातावरणात शिरते. सेफ मोड आणि नुकतंच बसलेलं अपडेट काढण्याची सोय तिथेच असते, तेव्हा घाबरून बटण दाबून धरण्याऐवजी त्या स्क्रीनवरचे पर्याय वाचावेत. मेन स्विच पाडण्याआधी प्रत्येक कॉम्प्युटरचा दिवा विझला आहे का, एवढं पाहिलं तरी अशा कितीतरी तक्रारी उद्भवणार नाहीत.

'पंखा फिरतोय, म्हणजे सप्लाय ठीक आहे'

पंख्याला लागतात १२ व्होल्ट, आणि तो थोड्या कमी-जास्त व्होल्टेजवरही निमूट फिरतो. प्रोसेसरचं तसं नाही. एसएमपीएसमधले, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातले, सगळे व्होल्टेज स्थिर झाले की त्यातून मदरबोर्डला 'पॉवर गुड' असा संकेत जातो, आणि तो मिळाल्याशिवाय प्रोसेसर कामाला लागत नाही. पंखा फिरतो, दिवे लागतात, स्क्रीन काळीच, अशा वेळी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही.

ओळखीची खूण सांगतो. सकाळी तीन-चार वेळा बटण दाबावं लागतं, मग एकदा चालू झाला की दिवसभर कुरकुर नाही. हे जुन्या झालेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं लक्षण असू शकतं. त्यांच्यातलं द्रावण सुकत जातं, थंड असताना त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो, आणि थोडे तापले की ते पुन्हा कामापुरते चालतात. ऑफिसात 'याला सवयच आहे तशी' म्हणून महिनोन्महिने चालवून घेतलं जातं आणि एक दिवस तो मुळीच उठत नाही.

कपॅसिटरचा हा दोष किती मोठा होऊ शकतो, हे या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या जगाने पाहिलं. अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगून फुटत होते. डेलची ऑप्टिप्लेक्स ही खास ऑफिसांसाठीची मालिका त्यात सापडली आणि २००५ मध्ये कंपनीने दुरुस्तीपोटी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. झाकण उघडून मदरबोर्डवरच्या नळकांड्यांची डोकी सपाट आहेत की फुगलेली, हे आजही टॉर्च लावून पाहण्यासारखं आहे. एसएमपीएसचा डबा मात्र स्वतः कधीही उघडू नये. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर विद्युतभार असतो, आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ राहू शकतो. चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून बघणं हीच त्याची सोपी आणि सुरक्षित परीक्षा.

स्क्रीन काळी असताना आणखी एक गोष्ट करा: कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र जिवंत आहे आणि शोध मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्सकडे वळवायला हवा. ऑफिसच्या बऱ्याच यंत्रांत निर्मात्याने खुणाही ठेवलेल्या असतात. डेलच्या यंत्रांवर पॉवरचा दिवा ठरावीक क्रमाने उघडझाप करतो, एचपीच्या यंत्रांवर लाल-पांढऱ्या उघडझापी मोजता येतात. मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढून ठेवला की दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा अर्धा तास वाचतो.

'सेल गेला तर फक्त तारीख चुकते'

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल म्हणजे सीआर २०३२, ३ व्होल्टचा. किंमत शंभर रुपयांच्या आत. यंत्राला वीज जोडलेली असते तोवर घड्याळाचा भार त्याच्यावर येत नाही. रोज मेन स्विच पाडणाऱ्या ऑफिसात मात्र रात्रभर आणि सुट्टीभर घड्याळ त्याच्याच जिवावर चालतं. दिवाळीनंतर किंवा जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतरच्या पहिल्या दिवशी कॉम्प्युटर का अडतात, याचं एक उत्तर इथे आहे.

सेल उतरला की घड्याळ मागे जातंच, पण अनेक मदरबोर्डवर बायोसमधल्या नोंदीही मूळ पदावर जातात. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं, हे त्यातच असतं. विंडोज बसवताना ती पद्धत बदललेली असेल आणि आता ती परत मूळपदी गेली, तर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी निळी स्क्रीन येते, किंवा 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असं लिहून येतं. हे पाहून 'हार्ड डिस्क गेली' असं निदान होतं आणि चांगली डिस्क बदलली जाते. पेनड्राइव्ह मागच्या बाजूला लावून विसरल्यामुळेही असाच संदेश येऊ शकतो, तेवढं आधी पाहून घ्यावं.

चुकलेल्या तारखेचे परिणामही किरकोळ नाहीत. सर्व्हरवरून लॉगिन होणाऱ्या ऑफिसात सर्व्हर आणि कॉम्प्युटर यांच्या घड्याळांत साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की ओळख पटवणारी यंत्रणा नकार देऊ शकते. पासवर्ड बरोबर, माणूस बरोबर, तरी आत प्रवेश नाही. तारीख कित्येक वर्षं मागे गेली तर ब्राउझर सरकारी पोर्टलसुद्धा असुरक्षित ठरवतो.

'व्हायरस असणार'

या समजाला इतिहास आहे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्येच बसायचा, आणि पुढची अनेक वर्षं कॉम्प्युटर सुरू न होण्यामागे खरोखरच असे व्हायरस असत. आताच्या यंत्रांत सिक्युअर बूट सुरू असेल तर सही नसलेला लोडर चालूच दिला जात नाही. ते संरक्षणही भेदणारे अपवाद सापडले आहेत, पण आठवड्यातून दोनदा अडणाऱ्या आणि एरवी नीट चालणाऱ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरबाबत ही शक्यता यादीत बरीच खाली येते.

खरा हल्ला होतो तेव्हा तो असा लपतछपत येत नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' पसरला तो युक्रेनमधल्या कर-हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. यंत्र रीस्टार्ट व्हायचं, डिस्क तपासली जात असल्याची खोटी स्क्रीन दिसायची आणि तेवढ्या वेळात डिस्कवरची फाइलींची मुख्य सूची कूटबद्ध व्हायची. मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडले आणि त्याचा फटका नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनललाही बसला. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितलं की दहा दिवसांत ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. म्हणून प्रश्न असा विचारावा: एकच यंत्र अडतंय, की एकाच सकाळी सगळी?

'फॉरमॅट मारला की नवं होतं'

बिघाड रॅममध्ये, सप्लायमध्ये किंवा डिस्कमध्ये असेल तर फॉरमॅटने तो जात नाही. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, मग तेच. शिवाय फॉरमॅटने पुरावा पुसला जातो. विंडोज प्रत्येक निळ्या स्क्रीनची नोंद ठेवते. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं शोधलं तर 'रिलायबिलिटी हिस्ट्री' उघडते. कोणत्या तारखेला काय बसवलं आणि कोणत्या तारखेपासून बिघाड सुरू झाला, हे तिथे दिवसवार दिसतं. इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद मात्र सप्लाय खराब असल्याचा पुरावा मानू नये. आदल्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते.

डिस्कचं आरोग्य सांगणारे स्मार्ट आकडे क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने वाचता येतात. बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांची संख्या वाढत असेल तर दुरुस्तीच्या कमांड चालवण्याआधी डेटा बाहेर काढावा. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर तासन्तास चेकडिस्क चालवणं म्हणजे तिचे उरलेले श्वास खर्च करणं.

आपल्या ऑफिसांत फॉरमॅटची किंमत फार मोठी असते, आणि ती मोजली जात नाही याचं मला वाईट वाटतं. टॅलीचा डेटा बहुतेकदा सी ड्राइव्हवरच असतो. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर जातात. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये वर्षानुवर्षं टाइप केलेली जुनी पत्रं, फाँट परत बसवेपर्यंत, अक्षरांच्या ढिगाऱ्यासारखी दिसतात. आधी रॅम काढून घट्ट बसवा. तिचे संपर्क खोडरबरने घासायची पद्धत अधूनमधून उपयोगी पडते, पण रबराचे कण स्लॉटमध्ये अडकतात, त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल बरं. मग विंडोजची मेमरी तपासणी रात्री लावून ठेवा. यातून काही निघालं नाही, तरच फॉरमॅटचा विचार.

'त्या बाईंनी काहीतरी केलं असणार'

खुर्चीवर बसणाऱ्या माणसावर आळ घेणं सोपं असतं. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी, आपल्या घड्याळाने सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल जगभर पाठवली. सुमारे सव्वा तासात ती मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रं निळ्या स्क्रीनवर अडकली होती. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या यंत्रांसमोर बसलेल्या एकाही माणसाने चुकीचं काही दाबलं नव्हतं.

उपाय छोटा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढायची. पण डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कूटबद्धतेच्या सोयीने बंद असेल तर आत जाण्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागत होती, आणि अनेक ठिकाणी ती ज्या सर्व्हरवर होती तोच अडकला होता. आता विंडोज ११ च्या नव्या यंत्रांवर डिस्कची कूटबद्धता बऱ्याचदा आपोआप सुरू असते आणि बायोस अपडेटनंतरही ती की मागितली जाऊ शकते. प्रत्येक कॉम्प्युटरची की आजच काढा, कागदावर छापा, यंत्राचा क्रमांक लिहून ऑफिसच्या तिजोरीत ठेवा.