गिऱ्हाइकांची वही कोणाच्या हाती?

दुरुस्तीचा, शिवणकामाचा, जेवणाच्या ऑर्डरींचा किंवा उमराहच्या बुकिंगचा धंदा करणाऱ्या घरात सगळ्यात मोलाची वस्तू कोणती? मशीन आणि हत्यारे पुन्हा विकत घेता येतात. गिऱ्हाइकांची माहिती मात्र बाजारात मिळत नाही. कोणाच्या घरी काय बसवले, शेवटचे काम केव्हा झाले, किती पैसे बाकी आहेत, कोणाकडे दुपारी फोन केलेला चालत नाही, हे सारे वर्षानुवर्षे जमत जाते. बहुतेक घरांत ते थोडे एका वहीत, थोडे एका फोनमध्ये आणि बरेचसे एका माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस आजारी पडला, परदेशी गेला किंवा अल्लाहला प्यारा झाला, की चांगला चाललेला धंदा काही महिन्यांत थंडावतो.

आमच्या घरी हा प्रश्न यंदा समोर आला. रत्नागिरीत आमचा एसी आणि पाण्याच्या फिल्टरच्या दुरुस्तीचा धंदा आहे. अब्बांनी तो सुरू केला, आता भाईजान सांभाळतात. फोन भाभी घेतात आणि दोन मुले कामाला आहेत. भाईजानांची कतारला नोकरी ठरली. कोकणातल्या मुस्लिम घरांना यात नवे काही नाही. पण सहाशेच्या आसपास गिऱ्हाइके त्यांच्या फोनमध्ये आणि लक्षात होती. ती मागे कशी ठेवायची, यासाठी आम्ही गिऱ्हाइकांचे व्यवस्थापन करणारी सॉफ्टवेअर पाहायला सुरुवात केली. त्यातून जे समजले ते इतर घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत.

आधी वहीचे प्रश्न, मग सॉफ्टवेअर

अशा सॉफ्टवेअरला 'सीआरएम' म्हणतात, म्हणजे गिऱ्हाइकांशी असलेले संबंध सांभाळण्याचे साधन. जगात गाजलेली सेल्सफोर्स ही कंपनी १९९९ साली अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडची झोहो १९९६ साली वेगळ्या नावाने सुरू झाली. चेन्नईच्या या कंपनीने तामिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या भागातही कार्यालय थाटले. तिच्या सीआरएमची तीन जणांपर्यंत मोफत आवृत्ती आहे आणि छोट्या धंद्यांसाठी तिने २०२० साली 'बिगिन' नावाचे वेगळे साधन आणले.

ही साधने उघडली की पहिली गोष्ट लक्षात येते. त्यांची मूळ रचना माल विकणाऱ्यांसाठी आहे. नवे गिऱ्हाईक कोण, बोलणी कुठवर आली, सौदा झाला की नाही, असे त्यांचे रकाने असतात. सौदा झाला की त्यांचे काम जवळजवळ संपते. सेवेच्या धंद्यात खरे काम तिथून पुढे सुरू होते. फिल्टर बसवला, आता त्याची कॅन्डल केव्हा बदलायची? एसीत गॅस कधी भरला होता? मागच्या वेळी कोणता मुलगा गेला होता?

दुसरीकडे व्यापार, खाताबुक यांसारखी ॲप आणि १९८६ पासून चालत आलेले टॅली आहे. ती बिल आणि उधारी उत्तम सांभाळतात. 'कोणाकडे किती बाकी' याचे उत्तर तिथे मिळते. 'पुढच्या आठवड्यात कोणाकडे जायचे' याचे उत्तर मिळेलच असे नाही.

म्हणून ॲपची जाहिरात वाचण्याआधी आम्ही आपल्याच वहीतून वीस गिऱ्हाइके निवडली. सरळ व्यवहाराची नव्हे, तर अवघड वीस. जे साधन ही वीस गिऱ्हाइके नीट सामावून घेईल, ते बाकीची पाचशे ऐंशीही घेईल, असा हिशेब केला.

आपल्याकडची अवघड गिऱ्हाइके

पहिली अडचण नावांची. काझी, मुकादम, पारकर, मुल्ला, सोलकर ही आडनावे एका मोहल्ल्यात कितीतरी. त्यात स्पेलिंग प्रत्येकाचे निराळे. काझी कोणी 'के'ने लिहितो, कोणी 'क्यू'ने. नावावरून शोधले तर चुकीचे घर सापडते. त्यामुळे ओळख मोबाईल नंबरावरून ठेवावी. देवनागरीत लिहिलेले नाव शोधल्यावर सापडते का, हेही पाहावे.

दुसरी अडचण घरांची. घराचे मालक कुवेतला, अम्मी रत्नागिरीत, चावी शेजारच्या चाचांकडे आणि पैसे दुबईतला धाकटा भाऊ पाठवणार. हे एकच गिऱ्हाईक आहे, पण माणसे चार आणि नंबरही चार. एका घराखाली अनेक माणसे जोडता येत नसतील, तर ते सॉफ्टवेअर कोकणात अपुरे पडते.

तिसरी अडचण तारखांची. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने एसीचा बाहेरचा भाग लवकर गंजतो. मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या घराला आणि आत हातखंब्याकडच्या घराला एकच मुदत लावून चालत नाही. प्रत्येक घराची मुदत वेगळी लिहिता आली पाहिजे. शिवाय बरीच गिऱ्हाइके 'रमजानच्या आधी करून द्या' असे सांगतात. सॉफ्टवेअर दर बारा महिन्यांनी आठवण देते, पण हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असते. भारतात पहिला रोजा २०२४ साली १२ मार्चला होता आणि २०२५ साली २ मार्चला. वर्षाची आपोआप येणारी आठवण तीन वर्षांत महिनाभर मागे पडेल. ईदचे कपडे शिवणाऱ्या बहिणींना आणि इफ्तारच्या ऑर्डरी घेणाऱ्यांना तर हा फरक फारच जाणवेल. अशा आठवणींची तारीख दरवर्षी हाताने घालावी लागते. ती सहज बदलता येते का, हे पाहून घ्यावे.

पाऊस, पूर आणि नेटवर्क

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. पाण्यात गेलेली वही वाळवली तरी शाई परत येत नाही. माहिती दुसरीकडेही साठवलेली असावी, हा त्याचा धडा. पण त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ आले. तेव्हा दापोली-मंडणगडकडे वीज आणि फोन बरेच दिवस बंद राहिले. फक्त इंटरनेटवर उघडणारे सॉफ्टवेअर अशा वेळी असून नसल्यासारखे.

म्हणून दोन गोष्टी तपासाव्यात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून गिऱ्हाइकाचा पत्ता उघडतो का? आणि महिन्यातून एकदा सगळी यादी कागदावर छापून घेता येते का? छापील यादी मागासलेपणाची खूण नव्हे. ती आपली छत्री आहे.

नंबर दुकानाचा हवा

छोट्या धंद्यांचे बहुतेक काम व्हॉट्सॲपवर चालते. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळे ॲप २०१८ साली आले. ते मोफत आहे. त्यात गिऱ्हाइकांना 'काम बाकी', 'पैसे बाकी' अशी लेबले लावता येतात, ठरलेली उत्तरे साठवता येतात आणि मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर तेच खाते चालते. मात्र मुख्य फोन चौदा दिवसांहून अधिक काळ वापरला नाही, तर जोडलेली उपकरणे आपोआप बाहेर पडतात. धंद्याचा नंबर घरातल्या एखाद्याच्या खासगी सिमचा असेल आणि तो माणूस ते सिम घेऊन विमानात बसला, तर दुकान मागे राहते आणि गिऱ्हाइके त्याच्याबरोबर जातात. आमच्याकडे पहिला निर्णय हाच झाला: नवे सिम, दुकानाचा फोन, आणि तो फोन दुकानातच.

ब्रॉडकास्टचा संदेश ज्यांनी आपला नंबर साठवलेला असतो त्यांनाच पोहोचतो, हेही लक्षात ठेवावे. यादी पाचशेची असली म्हणून निरोप पाचशे घरी गेला असे होत नाही.

किंमत आणि परतीची वाट

अनेक सॉफ्टवेअरचे भाडे माणशी दरमहा असते. माणशी ५०० रुपये धरले तर चार माणसांचे वर्षाला २४,००० रुपये होतात. मोफत महिना संपला की पैसे आपोआप कापले जातात का, ते आधी विचारावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून अशी ठरावीक रक्कम कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी. ती सूचना ज्या नंबरावर येते तो फोन कोणाच्या हातात आहे, हेही पाहावे. काही हिशेबाच्या ॲपमध्ये व्याजाच्या कर्जाच्या जाहिराती डोकावतात. ज्यांना त्यापासून दूर राहायचे आहे त्यांनी घेण्याआधीच ॲप नीट फिरून बघावे.

पण किमतीपेक्षा मोठा प्रश्न परतीचा आहे. उद्या हे साधन सोडायचे ठरवले, तर आपली यादी एक्सेलच्या तक्त्यात बाहेर काढता येते का? फक्त नावे-नंबर, की जुन्या कामांच्या नोंदीही? विक्रेत्याच्या शब्दावर न राहता पहिल्या आठवड्यातच वीस गिऱ्हाइके भरून ती बाहेर काढून पाहावीत. एका साधनातून आम्हांला नावे मिळाली, पण कामांचा इतिहास मिळाला नाही. ते आम्ही तिथेच बाजूला ठेवले.

ही माहिती अमानत आहे

या सगळ्यात एक गोष्ट सॉफ्टवेअरची तुलना करणाऱ्या तक्त्यांत फारशी दिसत नाही. आमच्या वहीत काय काय आहे, याचा विचार करा. कोणते घर मे महिन्यापर्यंत बंद आहे. चावी कोणाकडे आहे. कोणत्या घरात बायका एकट्या असतात आणि पुरुष आखातात आहेत. उमराहचे बुकिंग करणाऱ्यांकडे पासपोर्टच्या प्रती असतात, शिवणकाम करणाऱ्या बहिणींकडे गिऱ्हाईक स्त्रियांची मापे आणि नंबर असतात. लोकांनी हे आपल्यावर विश्वास ठेवून सांगितलेले असते.

वही गल्ल्यात होती तोवर ती एका माणसाच्या नजरेखाली होती. फोनमध्ये गेली की कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या खिशात जाऊ शकते. म्हणून कोणाला काय दिसेल हे ठरवता येते का, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. कामावर जाणाऱ्या मुलाला त्या दिवसाचे पत्ते आणि काम दिसले की पुरे. चावीची आणि बंद घरांची नोंद आम्ही कोणत्याही ॲपमध्ये घालायची नाही असे ठरवले. ती अब्बांच्या छोट्या वहीतच राहील. काम सोडून गेलेल्या माणसाचा प्रवेश त्याच दिवशी बंद करता आला पाहिजे. खात्याला पासवर्डखेरीज फोनवर येणाऱ्या कोडचे दुसरे कुलूप असावे.

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हे त्यातले एक मूळ सूत्र आहे. आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणे हा आपल्याकडे दीनचाच भाग आहे, आणि लिहिलेले जपणे हा अमानतीचा.

आम्ही काय निवडले

शेवटी आमची निवड साधी झाली. दुकानाच्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस आणि त्याच्या जोडीला गूगल शीटचा एक तक्ता. त्यात घर, माणसे, यंत्र, शेवटचे काम, पुढची तारीख आणि बाकी असे सहा रकाने. शीट ऑफलाइन उघडेल अशी सोय केली आहे. पूर्ण तक्ता फक्त भाभी आणि भाईजान उघडू शकतात. मुलांना रोजची यादी सकाळी मिळते. भाईजान कतारहून पुढच्या आठवड्याच्या तारखा पाहतील आणि त्यावरून भाभी फोन करतील. कामाला माणसे वाढली, म्हणजे कोण कुठे गेला याचा मेळ तक्त्यावर लागेनासा झाला, की सशुल्क सॉफ्टवेअर घ्यायचे. तेव्हा हाच तक्ता उचलून त्यात भरता येईल.

प्रत्येक घराने हेच निवडावे असे आमचे म्हणणे नाही. चार शाखा असलेल्या केटररची गरज वेगळी, घरी शिवणकाम करणाऱ्या बहिणीची वेगळी. तिला सहा रकान्यांची वहीच पुरेल आणि महिन्यातून एकदा तिचे फोटो काढून ठेवले तरी पुष्कळ. पण सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, ते भरण्याचे काम ॲप करत नाही. आमच्याकडे तीन आठवडे रोज ईशानंतर अब्बा बोलत होते आणि भाभी लिहीत होत्या. वीस वर्षांपूर्वी कोणाकडे पहिला एसी बसवला, कोणी अडचणीत असताना पैसे मागायचे नाहीत असे ठरले होते, हेही त्यात आले. भाईजानांच्या फोनमध्ये यातले अर्धेही नव्हते.

ज्या घरात असा धंदा आहे त्यांनी हे लिहून घेण्याचे काम या महिन्यातच सुरू करावे. ज्यांना सारे ठाऊक आहे ती माणसे आज आपल्यासमोर बसलेली आहेत. साधन कोणते घ्यायचे ते सावकाश ठरवता येईल.